तास रंगतो पण मुलांना येत नाही, पाठाचं नियोजन नेमकं कुठून सुरू करायचं? अ‍ॅडी, गॅग्ने की अ‍ॅश्युअर?

निळी_शाई:

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, पोस्ट लांब झालीये पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४४ मुलं, तास ४० मिनिटांचा, स्मार्टबोर्ड आहे, मुलांकडे फोन-टॅब काही नाही, नेट कधी असतं कधी नसतं. मागच्या आठवड्यात विद्युत परिपथ घेतला. तयारीला तीन रात्री गेल्या. २६ स्लाइड, तारेतून पळणारे पिवळे ठिपके, ७ मिनिटांचा व्हिडिओ आणि शेवटी पडद्यावर क्विझ, टायमर आणि म्युझिकसकट. मुलं इतकी खूश की घंटा झाली तरी जागची हलेनात. मलाही वाटलं की चला, जमलं.

तीन दिवसांनी सहज म्हणून फळ्यावर एक सेल आणि एक बल्ब काढला, बल्बच्या अलीकडे एक अ‍ॅमीटर (धारा म्हणजे करंट मोजायचं उपकरण), पलीकडे एक, आणि विचारलं कुठला जास्त दाखवेल. जवळजवळ अख्ख्या वर्गाने अलीकडच्यासाठी हात वर केले. का, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, बल्ब पेटला म्हणजे थोडा करंट त्यात संपला ना, मग पुढे कमीच जाणार." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हीच मुलगी क्विझमध्ये पहिली आली होती. घरी येऊन क्विझचे प्रश्न परत काढून बघितले तर सगळे "धारा मोजायच्या उपकरणाला काय म्हणतात", "सेलची दोन टोकं कोणती" असले. म्हणजे मी शिकवलं एक, तपासलं भलतंच, आणि त्यांच्या डोक्यात आधीपासून जे होतं ते तसंच राहिलं. खूप वाईट वाटलं मला, कारण मेहनत कमी नव्हती केली.

तेव्हापासून इन्स्ट्रक्शनल डिझाइनवर, म्हणजे पाठ कसा आखायचा यावर वाचतेय. अ‍ॅडी, अ‍ॅश्युअर, गॅग्ने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या नऊ पायऱ्या, फाइव्ह ई, बॅकवर्ड डिझाइन... प्रत्येक ठिकाणी वेगळी आकृती, वेगळे बाण. पाठ टाचण तर आम्ही लिहितोच, त्यातही उद्दिष्ट, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे रकाने असतात, पण खरं सांगायचं तर ते तास ठरल्यावर भरले जातात, त्यांनी तास ठरत नाही.

मला एवढंच हवंय, रोजच्या ४० मिनिटांच्या तासासाठी यातलं कुठलं धरू? स्मार्टबोर्ड वगैरे त्यात कुठे बसवू? आणि प्रत्येक पाठाला तीन रात्री देणं शक्य नाही, तर कमी वेळात हे होतं का?


खडू_आणि_वही:

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही तीन दिवसांनी तो अ‍ॅमीटरचा प्रश्न विचारलात हेच या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं काम झालंय. मी ३१ वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं नव्या शिक्षकांचे पाठ बघतो, आणि तास रंगला की आपण तिथेच थांबतो हे मी स्वतःच्याही बाबतीत कितीदा बघितलंय. तुम्ही थांबला नाहीत.

आता फ्रेमवर्कचं. ही सगळी नावं एकाच मापाची नाहीत म्हणून गोंधळ होतो. अ‍ॅडी म्हणजे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन, हे १९७५ च्या सुमाराला फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तयार झालेल्या पद्धतीतून आलं. एक टीम बसून महिनोन्महिने अख्खा कोर्स तयार करते, हजारो लोक तो घेतात, तिथलं हत्यार आहे ते. वर्षाचं किंवा घटकाचं नियोजन करताना डोक्यात ठेवा, उद्याच्या तासासाठी पाचही टप्पे कागदावर मांडत बसू नका. गॅग्नेचं उलट, ते तासाच्या आत काय काय घडलं पाहिजे ते सांगतं. अ‍ॅश्युअर खास साधनं आणि माध्यमं निवडणाऱ्या शिक्षकासाठी आहे, त्यातला एक चांगला भाग म्हणजे मुलांचा विचार आणि उद्दिष्ट हे दोन्ही साधन निवडायच्या आधी येतात. आपण घरी बसतो तेव्हा पहिल्यांदा काय उघडतो? स्लाइडचं सॉफ्टवेअर. क्रम तिथेच चुकतो.

आणि बॅकवर्ड डिझाइन, विगिन्स आणि मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं. शेवटी मुलाला काय आलं पाहिजे ते आधी, ते आलं हे मला कशावरून कळेल ते दुसरं, आणि शिकवायचं कसं ते तिसरं. तुमच्या अडचणीवर हेच बसतं. मला एकच करायला सांगितलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, की तासाचा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी लिहा. स्लाइड नको, व्हिडिओ नको, आधी एक कोरा कागद घ्या आणि "हा प्रश्न मुलाने सोडवला तर मी मान्य करेन की त्याला आलं" असा एक प्रश्न लिहा. तुमचा अ‍ॅमीटरचा प्रश्न तसाच आहे, फक्त तो तासानंतर तीन दिवसांनी सुचला, तासाच्या आधी सुचला असता तर त्या २६ स्लाइडमधल्या वीसेक आपोआप गळून पडल्या असत्या, कारण त्या प्रश्नापर्यंत न्यायला त्यांचा उपयोगच नव्हता.

उद्दिष्टाचंही तेच. "विद्यार्थ्यांना विद्युत परिपथाची संकल्पना समजेल" हे वाक्य टाचणात हजारदा लिहिलं जातं आणि त्यावरून काही ठरत नाही, कारण समजणं दिसत नाही. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की उद्दिष्टात मूल काय करेल, कुठल्या परिस्थितीत करेल आणि किती बरोबर आलं तर चालेल या तीन गोष्टी हव्यात. तुमच्या पाठाला असं लिहून बघा: "एक सेल, एक बल्ब आणि दोन अ‍ॅमीटर असलेली आकृती दिल्यावर मूल दोन्ही वाचनं सारखी असतील असं सांगेल आणि धारा व ऊर्जा यातला फरक वापरून एका वाक्यात कारण देईल." आता बघा, या वाक्यातून तास स्वतःच दिसायला लागतो. धारा आणि ऊर्जा वेगळ्या करून दाखवणं हे मुख्य काम, उपकरणाचं नाव वगैरे दोन मिनिटांत उरकायचं.

जुन्या लोकांना प्रशिक्षणात हर्बर्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या पाच पायऱ्या शिकवायचे, प्रस्तावना, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. त्याच्या शिष्यांनी त्या पाच केल्या. आता कुणी नाव घेत नाही पण त्यातलं उपयोजन मला अजून पटतं, कारण मूल नव्या जागी वापरू शकतं का ते तिथेच उघडं पडतं.

वेळेचं म्हणाल तर, सुरुवातीला एका तासाला ४० मिनिटं लागतील, आणि आठवड्याला एकच पाठ असा नीट बांधा. बाकीचे जसे घेता तसे घ्या. वर्षाच्या शेवटी तीसेक पाठ हाताशी असतात आणि पुढच्या वर्षी फक्त डागडुजी.


गणिताचा_तास:

वरच्या सरांशी सहमत, फक्त गॅग्नेबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं म्हणून लिहितो.

मी दोन वर्षं नऊच्या नऊ पायऱ्या रोज बसवायचा प्रयत्न केला. लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, आधीचं आठवायला लावणं, नवीन मांडणं, मार्गदर्शन, मुलांकडून करून घेणं, मग फीडबॅक, तपासणी आणि शेवटी ते टिकवून दुसरीकडे वापरायला लावणं. ४० मिनिटांत नऊ म्हणजे प्रत्येकाला साडेचार मिनिटं सुद्धा नाहीत, नुसती पळापळ. नंतर लक्षात आलं की या नऊ सारख्या वजनाच्या नाहीतच. बहुतेक तासांमध्ये पहिल्या चार-पाचवर अर्धा तास जातो आणि "मुलांकडून करून घेणं आणि लगेच फीडबॅक" याला घंटा व्हायच्या आधीची पाच मिनिटं उरतात, ती पण उरली तर. मी आता उलटं करतो, घड्याळ लावून. नवीन मांडणं जास्तीत जास्त १० ते १२ मिनिटं, करून घेणं आणि फीडबॅक मिळून १५ ते १८. शिकणं तिथे होतं, माझ्या बोलण्यात नाही होत एवढं.

गॅग्नेचं दुसरं जे मला फार उपयोगी पडलं ते म्हणजे एखादं कौशल्य खाली खाली सोलत जाणं. म्हणजे हे यायला आधी काय यावं लागतं, आणि त्याच्या आधी काय. अपूर्णांकांची बेरीज येत नाही म्हणून परत बेरीजच शिकवत बसलो होतो आणि खाली शोधत गेल्यावर कळलं की अर्धा वर्ग "समान भाग" इथेच अडकलाय. चित्रात चार भाग दिसले की त्यांच्यासाठी तो पाव, भाग लहानमोठे असले तरी. मग दोन तास फक्त कागद घड्या घालण्यात घालवले आणि बेरीज त्यानंतर एका तासात झाली. विश्लेषण विश्लेषण म्हणतात ते वर्गशिक्षकासाठी एवढंच, मुलाच्या वहीतली चूक घेऊन तिच्या मुळाशी जायचं.

आणि ताई, एक छोटी गोष्ट पण करून बघाच. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. याला कुठलंच यंत्र लागत नाही. मी मनात एक ते पाच आकडे मोजतो, पहिल्या आठवड्यात ती शांतता अंगावर येते, नंतर सवय होते.


पडद्यामागे:

मी शिक्षिका नाही, ई-लर्निंगचे कोर्स बनवते, १२ वर्षं हेच काम. त्यामुळे टेक्नॉलॉजीच्या भागावर बोलते, बाकी वरच्या दोघांनी नीट सांगितलंय.

निळी_शाई, तुझ्या पिवळ्या ठिपक्यांबद्दल आधी. ते ठिपके बल्बच्या पलीकडे गेल्यावर कसे दिसतात ते परत एकदा बघ. अशा बऱ्याच अ‍ॅनिमेशनमध्ये ठिपके बल्बपाशी येईपर्यंत चमकदार असतात आणि पलीकडे फिके होतात, काढणाऱ्याला ऊर्जा दाखवायची असते पण मूल वाचतं की करंट कमी झाला. म्हणजे तुझ्याच पडद्याने तो गैरसमज पक्का केला असायची शक्यता आहे. चित्र छान आहे का हे बघण्याआधी यातून चुकीचं काय वाचता येईल हे बघायची मी स्वतःला सवय लावलीये.

स्लाइडवर वाक्य लिहायचं आणि तेच मोठ्याने वाचून दाखवायचं, वर बाजूला हलतं चित्र, हे टाळ. मुलाची एका वेळी डोक्यात धरायची जागा फार थोडी असते, जॉन स्वेलर यांचं कॉग्निटिव्ह लोडचं काम १९८८ पासूनचं आहे आणि रिचर्ड मेयर यांनी चित्र-आवाज-मजकूर एकत्र कसे वापरावेत यावर कितीतरी प्रयोग केलेत. त्यातून माझ्या रोजच्या कामात उतरलेलं एवढंच: चित्र असेल तर बोल, तेच शब्द पडद्यावर छापू नको. भागांची नावं चित्राच्या त्या भागाला चिकटून लिही, खाली यादी करून १, २, ३ आकडे नको, मुलाचे डोळे वरखाली करण्यातच दमतात. आणि मागे वाजणारं म्युझिक, सजावटीची हलणारी चित्रं, विषयाशी संबंध नसलेली गंमतीची माहिती, हे सगळं काढून टाक, त्याने शिकणं कमीच होतं. ७ मिनिटांचा व्हिडिओ सलग नको, दीड-दोन मिनिटांनी थांबव आणि पुढे काय होईल ते वहीत लिहायला लाव.

साधन निवडताना मी एकच विचारते, हे नसतं तर कुठलं काम अडलं असतं? तुझ्या पाठात मला तीन कामं दिसतात. एक, न दिसणारं दाखवणं, धारा डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं फेट आहे ना, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेलं, फुकट आहे, त्यात सर्किट जोडायचं किट आहे, दोन अ‍ॅमीटर लावून वाचन बघता येतं आणि फाइल आधीच डाउनलोड करून ठेवली की नेट नसलं तरी चालतं. दोन, ४४ जणांचं उत्तर एकदम कळणं. हात वर करण्यात मुलं एकमेकांकडे बघून हात वर करतात, तुझ्या "जवळजवळ अख्खा वर्ग" मध्ये किती खरे होते कुणास ठाऊक. त्यासाठी प्लिकर्स नावाचं अ‍ॅप बघ, मुलांकडे फक्त एक छापील कार्ड असतं, ते ज्या बाजूने धरलं ते त्याचं उत्तर, आणि तू तुझ्या एका फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवलीस की सगळ्यांची उत्तरं नावासकट नोंद होतात. शेजाऱ्याला कळत नाही कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. तिसरं काम, ऊर्जा आणि धारा वेगळं जाणवणं, याला माझ्या मते पडदा लागतच नाही. एक लांब दोरी घे, टोकं बांधून मोठं कडं कर, मुलांना गोल उभं करून ती सैल मुठीतून जाऊ दे. तू सेल, तू ओढतेस. एका मुलाला मूठ थोडी आवळायला सांग, तो बल्ब. दोरी सगळीकडे सारख्याच वेगाने जाते, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, पण हात गरम होतो त्याचाच. आणि ओढायला तुला जास्त जोर लागतो. हे मी एका शिक्षकाच्या वर्गात बघितलंय आणि नंतर माझ्या कोर्समधलं अख्खं अ‍ॅनिमेशन काढून टाकलं. दोरी गुळगुळीत घे मात्र, खरखरीत असेल तर हाताला लागेल.


निळी_शाई:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. पडद्यामागे ताई, ठिपके परत बघितले, पलीकडे फिकेच होतात. मला ते आजपर्यंत दिसलंच नव्हतं.

कालची अर्धी रात्र बसून हा पाठ परत लिहिलाय, कच्चा आहे, वाचून सांगा. पहिली ४ मिनिटं अ‍ॅमीटरचा प्रश्न, चार पर्याय, कार्डवर उत्तर, बरोबर काय ते सांगायचं नाही. मग ८ मिनिटं दोरी. मग ५ मिनिटं मी फळ्यावर धारा आणि ऊर्जा असे दोन रंगांचे खडू घेऊन मांडते. मग ६ मिनिटं सिम्युलेशन. मग व्हिडिओचा २ मिनिटांचा तुकडा. मग परत तोच प्रश्न, मग उपकरणांची नावं, चिन्हं, मग क्विझ ५ मिनिटं, आणि शेवटी वहीत एक वाक्य. क्विझ ठेवलीये कारण मुलं विचारतातच.

पर्याय असे: अलीकडचा जास्त / पलीकडचा जास्त / दोन्ही सारखे / पलीकडचा शून्य.


खडू_आणि_वही:

पर्याय छान काढलेत. चौथा तर फार चांगला, कारण "बल्ब सगळा करंट पिऊन टाकतो" असं मानणारं मूल त्यात सापडतं आणि ते "थोडा संपला" म्हणणाऱ्यापेक्षा वेगळं आहे, त्याला परत जाणारी तार कशाला लागते हेच कळलेलं नाही. चुकीचा पर्याय असाच हवा, प्रत्येकाच्या मागे एक खरा गैरसमज. उगाच भरतीचा पर्याय टाकला की त्यातून शिक्षकाला काही कळत नाही.

दुसरा पर्याय, पलीकडचा जास्त, हा कशासाठी आहे? असं मानणारी मुलं मला फार भेटली नाहीत. त्याजागी "दोन्हीकडून करंट येऊन बल्बमध्ये भिडतो" असं काहीतरी सुचणारा ठेवता आला तर बघा, ती कल्पना पुष्कळ मुलांत असते.

पाठ मात्र गच्च भरलाय. तुम्ही ४० मिनिटांत नऊ गोष्टी ठेवल्यात. व्हिडिओ काढा, त्याचं काम दोरी आणि सिम्युलेशनने झालेलं आहे. नावं आणि चिन्हं दुसऱ्या दिवशी. क्विझ... मुलांना आवडते म्हणून ठेवायची असेल तर ठेवा पण आज नको, पुढच्या आठवड्यात ठेवा, त्यात फायदा आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. तासाला लागून घेतलेल्या क्विझमध्ये सगळं छान दिसतं ते त्यामुळेच.

मोकळी झालेली मिनिटं पहिल्या आणि दुसऱ्या उत्तराच्या मध्ये घाला. मुलांनी शेजाऱ्याला स्वतःचं उत्तर पटवून द्यायचं. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून भौतिकशास्त्र असंच शिकवतात, त्यांचा ठोकताळा असा की साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असली की चर्चेतून वर्ग वर येतो, त्याहून कमी असतील तर चर्चा करण्यात अर्थ नाही, परत शिकवावं लागतं. तुमच्या वर्गात पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं फार कमी येतील, म्हणून पहिल्या फेरीनंतर चर्चा नको, दोरी आधी, दुसरी फेरी, आणि मग चर्चा.


गणिताचा_तास:

सिम्युलेशनला एक जोड देतो. बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचाच, पेनाने, खोडायचं नाही. आधी न लिहिता बघितलं की मुलं म्हणतात "हो, मला हेच वाटत होतं" आणि त्यांना खरंच तसं वाटतं. स्वतःच्या अक्षरातलं चुकीचं उत्तर समोर असलं की मग "असं कसं?" हा प्रश्न येतो, आणि तो आला की पुढचं ऐकतात. आणि बोर्डावर अ‍ॅमीटर तुम्ही नका लावू, एखाद्या मुलाला बोलवा.


निळी_शाई:

आज तास झाला, लगेच लिहितेय म्हणजे विसरणार नाही.

फळा आणि बोर्ड मिळून वापरलं फक्त एक चित्र आणि एक सिम्युलेशन. स्लाइड एकही नाही. पहिल्या फेरीत ४४ पैकी ५ बरोबर. दोरी काढली तेव्हा आधी हशा झाला, मी ओढायला लागले, बल्ब झालेला मुलगा सुरुवातीला मूठ आवळायलाच तयार नव्हता, मग आवळली आणि ओरडला "बाई गरम!" त्याच्या पलीकडचा मुलगा म्हणाला माझ्याकडे हळू येतेय का, आणि मग त्याने स्वतःच दोरीला खडूने खूण केली आणि बघत राहिला. ती खूण मी सांगितली नव्हती. खूण सगळीकडून सारखीच गेली हे त्यांनी त्यांचं शोधलं. दुसऱ्या फेरीत २१ बरोबर, म्हणजे सर म्हणाले त्या टप्प्यात बरोबर आलो, मग चर्चा, तिसऱ्या फेरीत ३६. नेट मधेच गेलं पण सिम्युलेशन उतरवून ठेवलं होतं म्हणून चाललं, कार्ड स्कॅन करायला मात्र फोनचं नेट लावावं लागलं.

पहिल्या बाकावरची ती मुलगी तिसऱ्या फेरीपर्यंत "अलीकडचा जास्त" वरच होती. अ‍ॅमीटर लावायला मी तिलाच बोलावलं. दोन्हीकडे तोच आकडा बघून ती बराच वेळ गप्प उभी राहिली, मी मनात पाच नाही, पंधरापर्यंत मोजलं असेल, मग म्हणाली, "मग सेल का संपतो?" एवढा चांगला प्रश्न माझ्या वर्गात या वर्षी कुणी विचारला नव्हता. मी उत्तर दिलं नाही, उद्याचा तास त्याच प्रश्नाने सुरू करतेय.

तयारीला मिळून दीड तास लागला, त्यातला अर्धा कार्डं छापण्यात.

आठवड्याने परत तपासायला हा प्रश्न काढलाय: एकामागे एक दोन सारखे बल्ब, कुठला जास्त प्रकाश देईल? करंट संपतो असं ज्यांच्या डोक्यात अजून असेल ते पहिला म्हणतील. कार्डवर उत्तर घेऊन मग खरे बल्ब जोडून दाखवणार आहे, यावेळी सिम्युलेशन नको वाटतंय. ठीक आहे ना?


खडू_आणि_वही:

प्रश्न उत्तम. खरे बल्ब जोडणार असाल तर एक काळजी घ्या, दोन्ही एकाच प्रकारचे, एकाच पाकिटातले घ्या आणि आदल्या दिवशी स्वतः जोडून बघा, कारण बाजारातले सारखे दिसणारे बल्बसुद्धा थोडे वेगळे निघतात आणि दुसरा जरा मंद पेटला की अख्खा वर्ग म्हणेल बघा, संपला करंट. तसं झालंच तर घाबरू नका, दोन्ही बल्बांची जागा बदला आणि मुलांना विचारा आता कुठला मंद दिसेल. मंद असलेला बल्ब पहिल्या जागीही मंदच राहील. त्याआधी अंदाज वहीत, पेनाने.

आणि सेल का संपतो याचं त्या मुलीने काय उत्तर काढलं ते उद्या नक्की लिहा.